सर्वाधिक सहाय्यप्राप्त उद्योजिका

३ फेब्रुवारी
जावक क्र. ४१२

ताई,

सरकारी पाकीट बघून दचकू नकोस, नोटीस नाही. साधं पाकीट वापरलं असतं तर माझं अक्षर ओळखून तू ते न उघडताच परत पाठवलं असतंस, असं ही म्हणाली. आणि तुझी भावजय तुझ्या बाबतीत सहसा चुकत नाही. वर जावक क्रमांक पडलाय तो सवयीचा भाग. आमच्या इमारतीतून कागद बाहेर पडायचा म्हणजे त्याला नंबर लागतो, मग तो बहिणीला लिहिलेला का असेना.

बातमी चांगली आहे. आमच्या लघुउद्योग व नवउद्यम सहाय्य केंद्राला या अठ्ठावीस तारखेला पाच वर्षं होतात. पालिकेच्या सभागृहात कार्यक्रम आहे, अध्यक्ष येणार आहेत, आणि काही उद्योजकांचा सत्कार आहे. त्यातला एक तुझा. ‘सर्वाधिक सहाय्यप्राप्त उद्योजिका.’ मानपत्र, चषक, शिवाय केंद्राच्या फाटकावर वर्षभर तुझा मोठा फोटो.

यात माझा काही हात नाही. यादी नोंदवहीवरून निघाली. वर्षभरात कुणाला सर्वांत जास्त वेळा सहाय्य झालं ते बघितलं, तर तुझं नाव चौदा वेळा आलं. दुसऱ्या नंबरवर मेणबत्त्यांवाला आहे, नऊ वेळा. तू त्याला बरंच मागे टाकलंस.

तुला फक्त दुकानात, यंत्राशेजारी काढलेला एक फोटो पाठवायचा आहे आणि अठ्ठावीसला अकरा वाजता यायचं आहे. दुकान सध्या बंद आहे हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही. फोटो जुना असला तरी चालेल.

आठ महिन्यांपूर्वी तू जे बोललीस ते मी मनात ठेवलेलं नाही. तूही ठेवू नकोस.

तुझा भाऊ

ता. क. साहेब मुख्य कचेरीत बढतीवर जाताहेत आणि केंद्रप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. या पत्राशी त्याचा संबंध नाही, पण बाहेरून कळलं तर तुला तसं वाटेल, म्हणून आधीच सांगितलं. बाबांचा चामड्याचा ॲप्रन आमच्या दारामागच्या खिळ्यावर आहे, जसाच्या तसा.


११ फेब्रुवारी
जावक क्र. ४३८

ताई,

आठ दिवस झाले, उत्तर नाही. हॉटेलच्या तळघरात टपाल पोचायला वेळ लागत असेल, असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, “तळघरात सुऱ्यांना धार लावतात त्या. आंधळ्या झालेल्या नाहीत.”

शेवटी साहेबांना सांगावं लागलं.

“दुकान बंद आहे, साहेब.”

“बंद म्हणजे? आज सुट्टी?”

“कायमचं. यंत्र विकलं तिने. आता एका हॉटेलात नोकरी करते.”

साहेबांनी चहात बिस्कीट बुडवलं होतं, ते तुटून आत पडलं. चमच्याने त्याचा गाळ उपसत ते म्हणाले, “म्हणजे रोजगारही मिळाला की! वा. तेही घाला मानपत्रात.”

आणि तो गाळ खाल्ला त्यांनी. मला बघवेना.

आता खरं लिहितो. तू चौदा वेळा आलीस. तुला चौदा वेळा सहाय्य झालं नाही. आमच्याकडे कसं आहे, कुणी दारातून आत आलं की टोकनबाई त्याला चिठ्ठी देते, आणि चिठ्ठी दिली की वहीत ओळ पडते. ओळ म्हणजे सहाय्य. माणूस काम होऊन गेला तर एक ओळ. परत पाठवला आणि पुन्हा आला, तर दोन. ज्याचं काम पहिल्याच फेरीत होतं तो आमच्या हिशोबी वाया गेलेला माणूस. हे कुणी बसून ठरवलेलं नाही, ताई, शपथेवर सांगतो. पण पहिल्या वर्षी ज्या केंद्राने कामं पटापट उरकली त्याचा आकडा लहान आला, आणि त्याची दोन माणसं काढून घेतली. त्यानंतर कुणाला काही शिकवावं लागलं नाही.

काल तुझ्या ओळी काढून बसलो. पहिल्या वेळी गाळ्यासाठीच्या अर्जातल्या ‘आपल्या उद्योगातील नावीन्य’ या रकान्यात तू लिहिलं होतंस: ‘बोथट कात्री आणा, धारदार न्या.’ मी खिडकीतून हळूच म्हणालो होतो, ताई, इथे काहीतरी नवं लिहावं लागतं. तू सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणालीस, “ज्याची कात्री बोथट आहे त्याला विचार नवं काय असतं ते.” लोक हसले. मीही हसलो, आणि अर्ज परत केला.

मग शेजाऱ्यांची ना-हरकत. तुझ्या दगडी चाकाचा आवाज होणार, म्हणून पालिकेच्या उद्योगभवनात दोन्ही बाजूंच्या गाळेधारकांच्या सह्या हव्या होत्या. दोन्ही गाळे रिकामे होते. ते रिकामे होते, कारण त्यांनाही शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. एवढी गोष्ट मला समजावून सांगायला तुझ्या तीन फेऱ्या गेल्या. पाचव्या भेटीत तू काचेवर बोटाने वाजवून म्हणालीस, “शिक्क्या, आत कुणी आहे का?” लहानपणी बटाट्याचे शिक्के कोरून मी घरभर उमटवायचो, त्यावरून तू ठेवलेलं नाव. शेजारच्या खिडक्यांनी ते उचललं, आणि आता सगळं केंद्र मला तेच म्हणतं. असो. सहाव्या वेळी कुलूपबंद गाळ्यांचे फोटो जोडून तो तिढा मीच सोडवला होता. तेवढं लक्षात ठेव.

सातव्या वेळचं सोडून देऊ.

आठव्यापासून तेराव्यापर्यंत तू एवढंच विचारायला यायचीस की फाइल कुठे आहे. चौदाव्या वेळी ती मंजूर होऊन आली होती, नऊ नंबरचा गाळा तुझा होता, आणि मी तुझ्याकडे यंत्र चालू असतानाचा फोटो मागितला. नऊ दिवस आधी तू यंत्र विकलं होतंस. तुझ्या दुकानाची जुनी इमारत पाडायला काढलेली, मालकाने जागा रिकामी करायची तारीख दिलेली, आणि एवढं जड यंत्र रस्त्यात ठेवता येत नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी मागितला, कारण यादीत होता.

तू पिशवीतून बाबांचा ॲप्रन काढून खिडकीत ठेवलास. “हा आता तू घाल,” म्हणालीस. “आणि माझ्याशी बोलू नकोस.”

कार्यक्रमाला ये. नको बोलूस हवं तर. नुसती ये.

तुझा भाऊ


१९ फेब्रुवारी
जावक क्र. ४५५

ताई,

एक घाण काम केलंय. तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

फोटो आला नाही म्हटल्यावर साहेब म्हणाले, “तुमच्या मिसेसना उभं करा की. चेहरा थोडा वळवायचा, हात कामात. बॅनरवर माणूस कोण बघतो? उद्योग बघतात.”

मी नाही म्हणालो, असं मला तुला लिहायचं होतं. परवा तसं लिहूनही ठेवलं होतं, दोन पानं, फार छान उतरली होती. आज फाडली. मी म्हणालो, “विचारतो घरी.”

ही भांडी पुसत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वन्संचा सत्कार आणि तोंड माझं? तुम्हाला ती खुर्ची एवढी हवी आहे?”

“घरासाठीच ना.”

“घरासाठी असेल तर नको. घराला खुर्च्या आहेत. तुम्हाला हवी असेल तर तसं सांगा.”

ताई, मी खाली बघत उभा राहिलो, आणि तेवढ्यावर तिला उत्तर मिळालं. तिने हात पुसले आणि खिळ्यावरून ॲप्रन काढला.

फोटो नऊ नंबरच्या गाळ्यात काढला. तो अजून रिकामाच आहे, आत कबुतरांनी घाण केलीय. ती फोटोत येऊ नये म्हणून आमच्या शिपायाने त्यावर वर्तमानपत्र पसरलं. यंत्र म्हणून कोपऱ्यावरच्या किल्ल्यावाल्याकडून किल्ल्या घासायचं यंत्र आणलं होतं. कात्री ऑफिसचीच, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. हिने ती पात्यालाच धरली. फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, हसा ना! धंदा वाढलाय तुमचा.” ही हसली नाही. “उद्योजिका गंभीरच बऱ्या,” म्हणून साहेबांनी तेही चालवून घेतलं.

बाबा कात्री परत देण्याआधी चिंधी कापून दाखवायचे, आठवतं? कापून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, ही त्यांची रीत तू दुकानातही चालवलीस. त्या दिवशीच्या त्या कात्रीने चिंधी सोड, हवासुद्धा कापली नसती.

घरी येऊन हिने तीन वेळा हात धुतले. ॲप्रनला तेलाचा आणि दगडाच्या चिखलाचा वास येतो. तो वास जावा म्हणून ती हात धूत नव्हती, एवढं मला कळतं.

मला वेगळाच वास येत राहतो. कागद उलटताना बोट ओलं करायला आमच्या टेबलावर डबीतला स्पंज असतो ना, तो. त्याचं पाणी कुणी कधी बदलत नाही. वरून ओततात फक्त.

तुझा भाऊ


२४ फेब्रुवारी
जावक क्र. ४७१

ताई,

बॅनर लागला. फाटकाच्या दोन खांबांना दोरीने ताणून बांधलाय, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढा उंच. खाली तुझं नाव, आणि त्याखाली: ‘मी एकटी नव्हते. चौदा वेळा पालिका माझ्या सोबत होती.’ वाक्य साहेबांचं. ते सुचलं तेव्हा त्यांनी स्वतःच दाद दिली. ही आता भाजीला मागच्या गल्लीतून जाते.

आज साहेबांनी केंद्रप्रमुखपदासाठी माझ्या शिफारशीचा मसुदा वाचायला दिला. त्यात एक वाक्य आहे: ‘सदर कर्मचाऱ्याने स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या प्रकरणातही नियमांशी तडजोड केलेली नाही.’ ते वाचल्यावर सातव्या वेळचं लिहिणं भाग आहे.

सातव्या वेळी तुझी फाइल पूर्ण होती. एक कागद कमी नव्हता. वर पाठवली असती तर दुपारपर्यंत सही झाली असती. तुला मी म्हणालोही होतो, बस, चहा घे, आज होईल. तू बाकावर बसलीस. तेवढ्यात शेजारच्या खिडकीवाला म्हणाला, “काय शिक्के, आज घरचं कार्य वाटतं?”

एवढंच. गमतीत म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. पण माझे कान तापले. मी तुझ्या फाइलवर लाल शाईने लिहिलं: ‘अर्जदार कर्मचाऱ्याची बहीण आहे. निर्णय हितसंबंध समितीने घ्यावा.’

असं लिहायचा नियम नाही. निर्णय माझा नव्हताच, मी फक्त कागद तपासत होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. समिती तीन महिन्यांतून एकदा बसते, आणि आदल्याच आठवड्यात ती बसून उठली होती. हे मला ठाऊक होतं, त्यांच्या चहाची सोय मीच केली होती. तुझ्या इमारतीची तारीखही मला ठाऊक होती.

तुला बाकावरून उठवून म्हणालो, फाइल वर गेलीय. पुढच्या सहा खेपांना तेच म्हणालो. एकदा तू विचारलंस, “वर म्हणजे कुठे? गच्चीवर वाळत घातलीय का?” आणि मी हसलो. सगळ्यांबरोबर हसलो.

त्याच संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. “याला म्हणतात स्वच्छ माणूस.” मला बरं वाटलं, ताई. तू बाहेर रांगेत उभी असायचीस आणि आत मला बरं वाटत असायचं. स्वच्छ वाटायचं. आज तो मसुदा वाचताना तोंडात त्या स्पंजाच्या पाण्याची चव आली.

मसुदा ‘बरोबर आहे’ असा शेरा मारून मी परत दिला. हेही लिहून टाकतो, म्हणजे तुझ्यापासून काही राहायला नको.

तुझा भाऊ


२७ फेब्रुवारी

ताई,

आज वर नंबर नाही. का, ते सांगतो.

काल तू आलीस. काय झालं ते तुला माहीत आहे. काचेच्या आतल्या बाजूने कसं दिसलं ते लिहितो.

तू बॅनरखालून आलीस आणि चौदा वेळा चिठ्ठी देऊनही टोकनबाईने तुला ओळखलं नाही. वर तुझ्या नावाने दुसरंच कुणीतरी उभं होतं, ती तरी काय करणार? “नवीन उद्योग का, मॅडम?” तिने विचारलं. “जुना,” तू म्हणालीस आणि चिठ्ठी घेऊन रांगेत उभी राहिलीस. तुझ्यापुढे सात माणसं होती. मी एकेकाला परत पाठवत होतो आणि तू जवळ येत होतीस. माझ्या खिडकीशी आल्यावर तू नुसती म्हणालीस, “फाटकावरचा तो बॅनर उतरवायचा आहे.”

मी काय म्हणालो? “अर्ज द्यावा लागेल.”

ताई, मी ते ठरवून म्हणालो नाही. जीभ आपली आपण बोलली. त्याहून वाईट म्हणजे हात आपला आपण खणात गेला, कोरा अर्ज काढायला. तू त्या हाताकडे बघत होतीस. मी वर पाहिलं तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. अन्नात झुरळ सापडल्यावर माणूस ताट बाजूला सारतो, तेव्हाचा चेहरा होता तो.

मग तू पिशवीतून कात्री काढलीस. टोकनची चिठ्ठी उभी धरलीस आणि एका झटक्यात कापलीस. आवाजसुद्धा झाला नाही. दोन्ही तुकडे माझ्यापुढे ठेवलेस. “धार बघून घे,” म्हणालीस, अगदी बाबा गिऱ्हाइकाला म्हणायचे तसं. “पत्रं मिळाली. चारही.” आणि गेलीस.

पाच वाजता टोकनबाई वहीतल्या नावांवरून बेरीज करत होती. आनंदाने ओरडली, “शिक्के, तुमच्या ताई एकोणीस झाल्या!”

“पंधरा,” मी म्हणालो.

“भेटी पंधरा. आणि तुमची चार पत्रं. जावक नंबर पडला की आपण ते ‘पत्राद्वारे मार्गदर्शन’मध्ये धरतो ना? मी आठवणीने घातली हो, राहायला नकोत.”

म्हणजे सातव्या भेटीत मी तुला कसं बुडवलं हे जे तुला लिहिलं, तेही पालिकेने तुला केलेलं सहाय्य झालं. अठरावं. मी बाहेर जाऊन ओकून आलो. खरंच ओकलो. मग परत येऊन वही मागितली.

प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना आहे. पाच वर्षांत कुणी त्यात काही लिहिलेलं नाही, तो कशासाठी आहे हेही कुणाला ठाऊक नाही. तुझ्या एकोणीस ओळी शोधायला तासभर लागला. एकेकीपुढे लिहिलं, ‘सहाय्य केले नाही,’ आणि खाली सही केली, पूर्ण नावाची. सातव्या ओळीपुढे लिहिलं, ‘काम पूर्ण होते. मी अडवले.’ रकाना अरुंद आहे, पण तेवढं मावलं.

आज सकाळी सातला आम्ही दोघं फाटकाशी गेलो. शिडी घरून नेली. दोरी कापायला घरचीच कात्री होती, तिला आठ महिन्यांत धार लागलेली नाही. दोरी कापली जाईना, नुसती चावली जात होती. ही खालून शिडी धरून म्हणाली, “वन्सं असत्या तर एवढ्यात घरी जाऊन चहा झाला असता.” शेवटी मी गाठी नखांनी सोडवल्या. बॅनर खाली आला तेव्हा हिच्या अंगावरच पडला. स्वतःचाच चेहरा स्वतःच्या अंगावरून ओढून काढला तिने, आणि घडी घातली.

दहाला साहेब आले.

“वही खराब केलीत तुम्ही!”

“नाही, साहेब. शेरा लिहिला. रकाना होता.”

“उद्या अध्यक्ष येताहेत, कळतंय का काही? आणि फाटकावरचा बॅनर कुठाय?”

“माझ्या घरी. माझ्या बायकोचा फोटो आहे तो.”

खुर्चीत बसून त्यांनी टोकनबाईला हाक मारली आणि यादीतला दुसरा नंबर काढायला सांगितला. उद्याचा सत्कार मेणबत्त्यांवाल्याचा आहे. त्याचंही दुकान बंद झालंय, असं शिपाई म्हणत होता. सोमवारपासून मी तळमजल्याच्या मागे, जुन्या कागदांच्या खोलीत. तिथे खिडकी नाही, म्हणजे रांगही नाही. मी कुणाला परत पाठवू शकणार नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

नऊ नंबरचा गाळा अजून रिकामा आहे. अर्ज कर, असं मी तुला म्हणणार नाही.

सोबतच्या पुडक्यात ॲप्रन आहे. आमच्या घरात कुणीच तो घालायला नको होता. हिने तो पुसून, तेल लावून दिलाय, खिशात बाबांच्या जुन्या चिंध्या होत्या त्या तशाच ठेवल्यात. पोस्टात रांगेत उभा राहून, तिकीट स्वतः चिकटवून पाठवतोय.

उत्तर द्यावंसं वाटलं तर घरच्या पत्त्यावर दे. कचेरीत आलं तर विसावं सहाय्य धरतील.

शिक्क्या